बारावी खुंटी

९ नोव्हेंबर, रविवार. तळ्याच्या पायरीवर

अण्णा,

जॅकेटं पायजेत.

बाकीचं मागनं. आधी हे लिहिलं, कारण तू पुढचं वाचशील का न्हाय मला ठाऊक न्हाय. तुमच्या हॉटेलवर पाहुण्यांना नावेतनं फिरवताना घालतात बघ, ती नारंगी. पणजी गाडीचा शामू कंडक्टर म्हणला, दर वर्षी जुनी काढून गोडाऊनला टाकतात आणि उंदरं त्यात पिलं घालतात. उंदरांच्या आधी आमाला दे. फाटकी चालतील, मी शिवीन. रंग उडालेली बी चालतील. पट्टा तेवढा धड पायजे.

हे पत्र शामूच आणून देणार. फोन तू उचलत न्हाईस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत न्हाईत. म्हणलं, कागदाला काय ब्लॉक करता येत न्हाय.

पंचायतीत ठरलंय. माघातल्या सातेरीच्या जत्रेला नाव सोडायची असंल तर जॅकेट पायजे, शिट्टी पायजे, दोरी पायजे आणि लोकांना शिकवणारं कोण तरी पायजे. न्हायतर ह्या वर्षी बी देवीचं बेट बंद. दोन जत्रा अशाच गेल्या. जयाआज्जी काठावर उभी ऱ्हाऊन बेटाकडं हात जोडती आणि म्हणती, "आई, ऐकायला येतंय का गं? का मोठ्यानं बोलू?"

शिकवायचं काम कोण घेणार म्हणून विचारलं, तर सगळी आपापल्या चपलांकडं बघाय लागली. मी हात वर केला. एम.ए. करून घरात बसलेली पोरगी. कथा लिहिती म्हणं. कडोलीच्या संमेलनात एक वाचली तर माईकवाल्यानं विचारलं, संपली काय? तिला दुसरं काय काम असणार.

नाव अजून आंब्याखाली पालथीच हाय. तिच्या पोटाखाली कुत्री व्याली. आप्पा शेताला जाताना तिला वळसा घालून जातात, सरळ वाट असताना. पण तळ्यात कुठली कुठली खोडं बुडलेली हाईत ते आप्पांशिवाय कुणालाच ठाऊक न्हाय. तवा पंचायत आपल्याच दारात येती, आप्पांना "घ्या की वल्हं हातात" म्हणती, चहा पिती आणि जाती. आप्पा हो म्हणत न्हाईत आणि न्हाय बी म्हणत न्हाईत.

तुला एक गोष्ट सांगायची हाय. ह्या पत्रात न्हाय.

सौम्या

शामूनं तुझा फोटो दाखवला. तू लांब दांड्याची जाळी घेऊन त्या पोहायच्या टाकीतली पानं काढतोयस. पाणी एवढं निळं खरंच असतंय, का रंग टाकतात? मी तुझं पाय बघितलं. पाण्याच्या भायेर होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आली. अकरा.

शामूनं तिकटीवर गाडी थांबवून टपावरनं गठ्ठा खाली टाकला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं वरडला, "सौम्या, तुझ्या भावानं अकरा माणसं पाठवल्यात! हात-पाय-डोस्की तिथंच ठेवून घेतल्यात!"

मी चिठ्ठी शोधली. बावीस खिसं उलटं केलं. एकात केसांचा चाप सापडला, परदेशी बाईचा असणार, त्यात पिवळा केस हाय. एकात चॉकलेटचा कागद. सगळ्यात वाळू. पांढरी, पिठीसाखरेसारखी. ती मी झाडून एका डबीत भरली आणि खिडकीत ठेवली. चिठ्ठी समजून.

मग जॅकेटं धुतली आणि आंब्याला दोरी बांधून वाळत टाकली. वारं आलं की ती एकमेकांच्या कानात काय तरी सांगतात. खालून बघितलं तर झाडाला बिनमोसमाचा आंबा लागल्यागत दिसतंय.

आज पयला वर्ग झाला. तालुक्याच्या फायर स्टेशनचे नागेंद्र सर आलते. धारवाडाकडचे, मराठी बोलतात ते नवीन चपला घालून चालल्यागत, जपून. त्यांनी जयाआज्जीलाच पुढं बोलावलं आणि जॅकेट चढवलं. आज्जी खाली बघती, मागं वळती, पोटावर हात मारती.

"मी काय गॅसचा शिलिंडर हाय व्हय रं? आता कुठं बसवणार मला?"

"पाण्यावर, आज्जी," सर म्हणले.

"पाण्यावर देव बसतोय. माणूस पाण्यात बसतंय."

बाया हसून हसून पायरीवर आडव्या झाल्या. मी मग माझं सांगितलं. नावेत उभं ऱ्हायचं न्हाय, फोटोसाठी तर न्हायच न्हाय. नाव कलंडली तर तिला सोडून पोहायला जायचं न्हाय, तिलाच धरून ऱ्हायचं, लाकूड तरंगतंय. शिट्टी वाजली की जिथं हाय तिथं गप. आणि बायांनी निऱ्या वर खोचून बसायचं, पाण्यात कापड माणसाला ओढतंय.

हे शेवटचं बोलताना मी कुणाकडं बघितलं न्हाय. पायरीवरचं हसू थांबलं. आंब्यामागं आप्पा उभे होते, ते शेताकडं चालू लागले.

सर काय गावातले न्हाईत, त्यांना काय ठाऊक. त्यांनी वही काढली आणि विचारलं, "नावेत एष्ट मंदी, किती माणसं बसतात? एणिसबेकु. मोजायला पायजे. चढताना मोजायचं, उतरताना मोजायचं."

बाया पाण्यापासनं एक पायरी वर सरकल्या.

"सायेब," जयाआज्जी म्हणली, "आमच्यात नावेतली माणसं मोजत न्हाईत."

"याक? का?"

"पाणी ऐकतंय. मोजलं की त्याला कळतंय किती हाईत. मग त्यातलं एक ठेवून घेतंय."

सर हसले. मग त्यांना दिसलं की दुसरं कुणीच हसत न्हाय. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

तुला आठवतंय अण्णा? मी पाच-सहा वर्सांची असंन. नावेत बसून "एक, दोन, तीन" म्हणाय लागले तर तू असा चिमटा काढलास की दंडावर निळं उठलं. त्या दिवशी मी ओठ न हलवता मोजायला शिकले.

सौम्या

२१ डिसेंबर, रविवार. धुकं

हितं आता पहाटं तळं जाग्यावर नसतंय. ते उठून गावात येतंय. पायरी चढतंय, बोळातनं जातंय, गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर बसतंय. मी दार उघडते तर उंबऱ्याशी असतंय. आठ-नऊ वाजता ऊन त्याला हाताला धरून माघारी नेतंय.

आई स्वप्नात येती. तुझ्या येती काय? माझ्या येती ती कधी ओली नसती. केस कोरडे, पदर कोरडा, निऱ्या इस्त्री केल्यागत. घर तेवढं ओलं असतंय. भिंती, चूल, माझ्या वह्या. आई म्हणती, "काय गं, पाऊस सगळा आतच पाडलाय?" आणि फडकं घेऊन पुसाय लागती. मी म्हणते, आई ऱ्हाऊ दे. ती पुसतच ऱ्हाती. जाग आली की मी पयला जमिनीला हात लावते.

आज मात्र जे झालं ते स्वप्न न्हाय.

पहाटं आंब्याखाली गेले, तर दोरीवर दहाच जॅकेटं. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग पाण्याकडं बघितलं आणि धुक्यात नारंगी काय तरी तरंगताना दिसलं. मी वरडत पायऱ्या उतरले.

"वरडू नको गं," पाण्यातनं आवाज आला. "कान पाण्यात हाईत माझं. लई मोठ्यानं ऐकायला येतंय."

आप्पा.

उताणे. हात पसरलेले. धोतराचा सोगा भोवती पांढऱ्या फुलागत पसरलेला. तीन वर्षं व्हायला आली, ज्या माणसानं ह्या पाण्यात पाय धुतलं न्हाईत, तो माणूस तळ्यात झोपलाय.

"काय करताय आप्पा?"

"बघतोय, धरतंय काय. लोकांच्या लेकरांना घालायच्या आधी आपण घालून बघू नये व्हय?"

"धरतंय काय मग?"

धुकं त्यांच्या अंगावरनं येत होतं, जात होतं. दिसायचे, पुसायचे. दिसायचे, पुसायचे.

"सौम्या, हितनं आभाळ लई जवळ हाय," ते म्हणले. "कुणीच सांगितलं न्हाय कधी."

वर आले तवा पट्टा निघंना. मी बसून काढला.

"तिच्या अंगात हे असतं," आप्पा म्हणले, "तर खोडात कापड अडकून बी डोस्कं वर ऱ्हायलं असतं." मग धोतर पिळत, "मी बघाय पायजे होतं. नाववाल्यानं बघायचं असतंय."

मी पट्टा गुंडाळत ऱ्हायले.

मी म्हणले, अण्णाला लिहिते, तुमी पाण्यात उतरला म्हणून. तर म्हणले, नको लिहू. का? तर म्हणले, "त्याचा राग हाय तोवर त्याचं हितं काय तरी हाय. तो बी संपला तर त्यो कशाला हिकडं बघंल?"

तरी मी लिहिलं. आता फाडू नको.

दुपारी त्यांनी कुत्रीची पिलं बुट्टीत घालून परसात नेऊन ठेवली, दोन माणसं हाक मारली आणि नाव सुलटी केली.

सौम्या

८ जानेवारी, गुरुवार

अण्णा, सुचलं!

माणसं मोजायची न्हाईत ना? न्हाय मोजत. जॅकेटं टांगायला खुंट्या करायच्या. नावेत बसताना ज्यानं त्यानं आपल्या हातानं खुंटीवरनं जॅकेट काढायचं, उतरल्यावर आपल्या हातानं तिथंच अडकवायचं. अकरा जॅकेटं. दहा माणसं आणि अकरावे आप्पा. खुंट्या रिकाम्या झाल्या की नाव भरली, बारावा माणूस कितीबी वरडू दे, पुढच्या खेपेला. आणि नाव आल्यावर माणसांकडं बघायचंच न्हाय. फळीकडं बघायचं. खुंट्या भरल्या म्हणजे सगळी आली. एक जरी रिकामी असली तर शिट्टी.

जयाआज्जीला जाऊन विचारलं. ती तांदूळ निवडत होती. शेवटचा खडा काढून फेकला. मग म्हणली, "खुंट्यांना काय जीव हाय? खुंट्या बघायला सातेरी कशाला नको म्हणंल?"

नागेंद्र सर फोनवर म्हणले, "भाळ चलो!" म्हणजे लई भारी, आणि मग मराठीत, "हे मला सुचाय पायजे होतं." बाकीच्या तळ्यांवर बी करू म्हणले.

नावेची जुनी फळी होती, ती आप्पांनी रंधा मारून घेतली. सागाच्या खुंट्या ठोकल्या. मी अकरा सांगितल्या. झाल्यावर बघते तर बारा.

"आप्पा, एक जास्त झाली."

"असू दे."

"जॅकेट अकराच हाईत. लोकं गोंधळतील."

"गोंधळू देत की."

आणि हातोडा घेऊन आत गेले.

मी तिथंच बसलीय. माझ्या पुढं बारावी खुंटी. तुला जे सांगायचं हाय ते आज सांगणार होते. आज न्हाय जमत. माझ्या तोंडात ते गार दगडागत

१८ जानेवारी, रविवार. दुपार, दार लावून

अण्णा,

तुझं म्हणणं काय? आप्पांनी लोभापायी नाव गच्च भरली आणि वर खोटं बोलले, "सगळी आली" म्हणून. पयलं अर्धं खरं हाय. नाव गच्च होती, पण लोभ न्हाय, जत्रेत कुणाला न्हाय म्हणायचं त्यांना जमत न्हाय. दुसरं मात्र आप्पांचं न्हाय. ते माझं हाय.

त्या दिवशी तू काठावर दोरी धरून उभा होतास. मी नावेत होते, आप्पांच्या पायाशी. बेटावरनं निघालो तवा मी मोजली. सवय. ओठ न हलवता. माणसं न्हाय मोजली म्हण, रंग मोजलं. हिरवं लुगडं एक, पिवळं दोन, शेंदरी फेटा तीन. आईचं जांभळं, त्यावर मी सोळा म्हणले. सगळी मिळून सव्वीस.

आता मला दिसतंय, नावेला दहाच्या वर एक जड होतंय. तवा सव्वीस लई सुंदर दिसलं होतं.

काठ दहा हातावर आला आणि नाव खोडाला लागली. जोरात न्हाय. झोपेत कुणी कूस बदलावी तशी हळू कलंडली. पाणी छातीएवढं. कुणी भ्यालं बी न्हाय. तुला आठवतंय ना, सगळी हसत होती. जयाआज्जीनं नारळ डोक्यावर धरलाता. तू एकेकाला हात देऊन वर काढत होतास आणि शिव्या देत होतास. मग तू विचारलंस, "आप्पा, सगळी आली काय?"

आप्पा नावेला धरून उभे. डोळ्यात पाणी, चिखल. त्यांना दिसत नव्हतं. ते माझ्याकडं वळले. तू काठावरनं ते बघितलं न्हाईस, तू कुणाचा तरी पदर पिळत होतास.

मी मोजली होती, अण्णा. ते वळायच्या आधीच मोजली होती. पंचवीस. परत मोजली. पंचवीस.

मला वाटलं, पयलं चुकलं असंल माझं. हे एक. आणि दुसरं, जे मी कुणालाच सांगितलं न्हाय: मी म्हणले असते "एक कमी हाय", तर सगळ्यांनी विचारलं असतं, तुला गं कसं ठाऊक? नावेत बसून मोजलीस? जत्रेच्या दिवशी? जयाआज्जी माझ्याकडंच बघत होती. मला लाज वाटली. भ्याले बी. बी.ए.ला बसलेली पोरगी, अंधश्रद्धेवर निबंधाला पयला नंबर आलेली, भ्याले.

मी मान हलवली. व्हय म्हणून.

माझी मान बघून आप्पा तुला म्हणले, "सगळी आली."

पुढचं तुला ठाऊक हाय. प्रसाद वाटताना एक द्रोण उरला.

तू आप्पांची कॉलर धरलीस. "एवढं बी बघता येत न्हाय?" म्हणलास. "तुमचं तोंड बघणार न्हाय" म्हणलास. मी बाजूलाच होते. आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं. एकदाच. आणि मान वळवली. तुला काय बोलले न्हाईत. मला बी, आजपर्यंत, एक शब्द न्हाय. घरात त्यावर आमी कधीच बोललो न्हाय. तुझ्या रागाखाली ते उभे ऱ्हायले, पावसात झाड उभं ऱ्हातंय तसं. झाडाला भिजवून मी कोरडी ऱ्हायले.

जयाआज्जीचं खरं धरलं, तर मी मोजली म्हणून पाण्यानं आईला ठेवून घेतलं. नागेंद्र सरांचं खरं धरलं, तर मोजून बी मी गप ऱ्हायले म्हणून आई गेली. दोन्ही काठांवर मीच उभी हाय. मधी मी नाव वल्हवत ऱ्हाते आणि कुठल्याच काठाला लागत न्हाय.

लोकांना शिकवायला हात वर का केला, ते आता कळलं असंल.

आप्पांवरचा राग काढ, अण्णा. माझ्यावर ठेव. जत्रा १ फेब्रुवारीला हाय. ते वल्हं घेणार हाईत. त्यांना भेट. मला न भेटता गेलास तरी चालंल. हे मी खरं लिहितीय काय, ते मलाच ठाऊक न्हाय, पण लिहितीय.

शामू आता गाडी घेऊन येईल. तो यायच्या आत पाकीट चिकटवते, न्हायतर हे बी फाडीन.

सौम्या

२ फेब्रुवारी, सोमवार. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी

अण्णा,

कालचं आधी सांगते.

चोवीस खेपा झाल्या. नागेंद्र सर बेटावर, मी हितं फळीपाशी, गळ्यात शिट्टी. लोकं वरडली, भांडली, "माझ्या लेकराला मांडीवर घेते की, त्याला कशाला खुंटी?" म्हणली. लेकराला बी खुंटी. मांडीवरच्याला सुद्धा. बारावीची सगळ्यांना सवय झाली. कुणी विचारलं तर दुसरं कोण तरी सांगायचं, "ती सोडून बघायचं."

दुपारी एक खेप आली. माणसं उतरली, जॅकेटं अडकवली, पांगली. मी फळीकडं बघितलं. बारावी आणि नावेतल्या आप्पांची सोडून आणखी एक रिकामी.

अण्णा, तळं थांबलं. वारं थांबलं. आणि मी, जिनं तीन वर्षं तोंड उघडलं न्हाय, ती असली शिट्टी मारली की बेटावरची पाखरं उठली. "एक कमी हाय!" मी वरडले. "एक कमी हाय! कोण न्हाय बघा!" आप्पा वल्हं टाकून पाण्यात. चार पोरं पाण्यात. बेटावर सर शर्ट काढत पळाले.

आणि आंब्यामागनं जयाआज्जी आली. हातात बत्तासे, अंगात जॅकेट.

"काय झालं गं? कोण गेलं?"

"आज्जी! जॅकेट का काढलं न्हाईस?"

"थंडी वाजतीया. ऊब लई हाय ह्याला."

लोकं हसली, मग शिव्या दिल्या, मग परत हसली. आप्पा छातीभर पाण्यात तसेच उभे होते, माझ्याकडं बघत. मान वळवली न्हाय त्यांनी. मी पायरीवर बसून रडले आणि आज्जीनं मला बत्तासा चारला.

पण हे न्हाय सांगायचं. आजचं सांगायचं.

पहाटं जाग आली तर आप्पांचं अंथरूण रिकामं. दार उघडलं, तळं उंबऱ्याशी आलंतं. त्याच्या आतनं चालत चालत काठावर गेले. फळी बघितली. दहा भरल्यात, दोन रिकाम्या. एक आप्पांची. दुसरी बारावी.

नाव दिसत नव्हती. वल्हं ऐकायला येत होतं. आप्पांचं वल्हं मला ठाऊक हाय. पडतंय, थांबतंय, ओढतंय. पण त्याच्या जोडीला दुसरं होतं. घाईचं. पाण्याला चापट मारणारं. आप्पा तुला लहानपणी म्हणायचे बघ, "थापट्या मारू नको रं, म्हस हाय काय ती?"

मी हाक मारली न्हाय. शिट्टी गळ्यात होती. दातात धरली. एक फुंकर घातली असती तर तू ऐकलं असतंस. न्हाय घातली. तुला मीच लिहिलंतं, मला न भेटता गेलास तरी चालंल.

धुकं एकदा फाटलं तवा दिसलात. दोघं पाठमोरे, दोन नारंगी ठिपकं. नाव त्या खोडापाशी थांबली. लई वेळ. वल्ह्यावरनं पाणी गळत होतं, तेवढाच आवाज. मग परत मिटलं सगळं. दोन्ही वल्ही पलीकडं तिकटीच्या बाजूला गेली. शामूच्या गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा. आणि मग एकच वल्हं माघारी आलं.

आप्पांनी नाव बांधली. हातात दोन जॅकेटं. एक अकराव्या खुंटीवर अडकवलं. दुसरं बाराव्या. ते आपलं न्हाय, तू घालून आलेलं. त्याला तुमच्या टाकीतल्या औषधाचा वास येतोय.

"काय म्हणला?" मी विचारलं.

"काय न्हाय. वल्हवलं."

दोरीची गाठ मारली. परत सोडून परत मारली.

"तुझं पत्र होतं त्याच्या खिशात. भिजलं." मग फळीकडं बघत म्हणले, "म्हणला, सौम्याला सांगा, तिनं बरोबर मोजलंतं."

अण्णा, हे तू माफ केलंस का आरोप ठेवलास? मी सकाळपासनं ते वाक्य ह्या हातातनं त्या हातात घेतीय. कधी ऊन लागतंय, कधी गार लागतंय.

"आणि तुमी काय म्हणला?" मी आप्पांना विचारलं.

"मी म्हणलो, मला ठाऊक हाय."

एवढं बोलून माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि म्हणले, "चल घरला, चहा ठेव."

चहा ठेवला. आप्पांनी तीन कप काढले, मग एक परत ठेवला. पण रागानं न्हाय, अण्णा. पुढच्या वेळंला लागंल अशा बेतानं, हाताशी येईल असा.

आता दुपार झाली. मी परत फळीपाशी हाय. बारा खुंट्या, बारा जॅकेटं. आमच्याच नियमानं बघितलं तर सगळी आली. जयाआज्जी मघाशी येऊन फळीला सुद्धा हात जोडून गेली.

पण मी आता ओठ हलवून मोजते. मोठ्यानं मोजते. पाण्याला ऐकायचं तर ऐकू दे, तुला बी ऐकू जाऊ दे. फळीकडं न्हाय, माणसांकडं बघून मोजते. आप्पा एक. मी दोन. पाण्याकडं बघून आई, तीन.

शामूला हे पत्र देते आणि ह्या वेळी मान हलवत न्हाय.

एक कमी हाय.

सौम्या